मार्थामावशी, यावेळी कागद नाही

मार्थामावशी,

परवा भट्टी बंद होती. सणाची सुट्टी नव्हती, कोळसा होता, वीज होती, पुढच्या आठवड्यात द्यायची पंपांची ऑर्डरही होती. तरी आपल्या फाउंड्रीच्या धुराड्यातून दिवसभर धूर निघाला नाही. एमआयडीसीच्या रस्त्यानं सायकलवर जाणारे कामगार मान वळवून वर बघत होते. तुम्ही असतात तर शेडमधून ओरडला असतात, "का रे बीकॉम, मालकानं संन्यास घेतला का काय?"

तुमच्यासाठी बंद होती. ती कशी बंद राहिली हे तुम्हाला सांगायचं आहे. तुम्हाला मातीआड करून आल्यापासून मी ते मनात मांडतोय, आणि दर वेळी पहिल्या ओळीलाच अडकतोय, कारण ते सांगायचं तर आपलं अर्धवट राहिलेलं भांडणही सांगावं लागतं. त्यात मी हरलो आहे. हे ऐकायला तुम्ही हव्या होतात.

मी पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून शेडमध्ये आलो होतो, आठवतं? पारनेर तालुक्यातल्या वस्तीवरचा मी. आमच्या घरात सही करणं माझ्यापासून सुरू झालं. आईवडील अंगठा लावायचे. नगरच्या कॉलेजातून बी.कॉम. झालो, पोस्टानं पुण्याचा कामगार व्यवस्थापनाचा डिप्लोमा करत होतो आणि हजेरी, रजा, तक्रारी बघायला मला ठेवलं होतं. तुम्ही सहाजणी खाली बसून वाळूत मळी कालवत होतात. साखर कारखान्याच्या मळीचा तो आंबूस गोड वास, त्यावर माशा. मी पुस्तकातल्यासारखं विचारलं, "काही अडचण आहे का?"

कुणी मान वर केली नाही. मग तुम्ही म्हणालात, "अडचन हाय. तुमी उजेडात हुबं हाय."

मी बाजूला झालो. तुम्ही विचारलंत, "शिकलाय किती?" मी सांगितलं. "मंग बस हितं. एक कोअर करून दाव." मी शर्टाच्या बाह्या सरसावून साच्यात वाळू भरली, ठोकली, साचा उघडला आणि सगळं मांडीवर सांडलं. "बीकॉम इस्कटलं!" तुम्ही म्हणालात, आणि त्या दिवसापासून माझं नाव पडलं. त्या दुपारी मी डबा आणला नव्हता. ऑफिसातल्या लोकांनी आपापले डबे उघडले आणि मला काही विचारलं नाही. तुम्ही कडुनिंबाखालून हाक मारलीत. अर्धी भाकरी, ठेचा, कांदा. मी कोण, कुठल्या वस्तीवरचा, काही न विचारता तुम्ही भाकरी मोडलीत. ती अर्धी भाकरी मी माझ्या पदवीच्या कागदाइतकीच जपून ठेवली आहे.

कोअर म्हणजे काय हे तुम्हीच मला समजावलंत. लोखंड ओतलं की ते वाळूच्या त्या गोळ्याभोवती थिजतं. मग आतली वाळू फोडून काढायची. जी पोकळी उरते तिच्यातून पंपाचं पाणी फिरतं. "आमी पान्याच्या वाटा करतो," तुम्ही म्हणाला होतात, "आन् सोता कोरड्या." पहिलं अर्धं वाक्य मला फार आवडलं होतं, मी ते वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या अर्ध्याकडे माझं लक्षच गेलं नाही.

आणि मग मी ते माठ आणले.

उन्हाळा होता. डिप्लोमाच्या पुस्तकात पिण्याच्या पाण्यावर एक धडा होता. मी मालकांकडून परवानगी घेऊन दोन माठ आणले, भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं, वर झाकण, झाकणावर डोया. पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'भरपूर पाणी प्या.' संध्याकाळी पाहिलं तर माठ सकाळइतकेच भरलेले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत तुम्हा सगळ्यांना उभं करून पाण्याचं महत्त्व सांगितलं. पुण्याला पाठवायच्या प्रकल्पाच्या वहीत मी काय लिहिलं होतं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगतो: 'स्त्री कामगारांमध्ये पाणी पिण्याविषयी जागृतीचा अभाव आढळतो.'

माझं भाषण तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "बीकॉम, पानी आत घालायची सोय केलीस. भाईर काढायची कोन करनार, तुझा बाप?"

बाकीच्या पाचजणी तोंडाला पदर लावून हसत होत्या. माझे कान तापले. फाउंड्रीत एकच संडास होता, गेटजवळ, ट्रकचे ड्रायव्हर आणि ओतकाम करणारे गडी वापरायचे तो, आणि त्याच्या दाराला कडी नव्हती. तुम्ही सगळ्या पहाटे घरून जाऊन यायचात आणि मग संध्याकाळी घरी गेल्यावर. मधे थेंबही घशाखाली जाऊ द्यायचा नाही. भट्टीच्या त्या धगीत. माझ्या आईनं शेतात हेच केलं असणार, आणि मला कधी सुचलं नव्हतं की ते विचारायचं असतं.

मी ते काम हातात घेतलं याचा मला अजूनही अभिमान आहे. शेजारची प्लॅस्टिकची कंपनी बंद पडली होती, तिच्या वॉचमनला मस्का लावून मी तिथल्या संडासाची किल्ली मिळवली. पंधरा दिवस तुम्ही सहाजणी तिकडे जाऊन येत होतात आणि माठ दुपारपर्यंत रिकामे होत होते. तुटलेल्या कोअरचा ढीग तुमच्या शेडच्या कोपऱ्यात असायचा. दुपारनंतर तो भराभर वाढायचा, कारण दुपारनंतर हात थरथरायचे, डोकं दुखायचं, पोटात कळ यायची आणि कसंतरी उरकायची घाई व्हायची. संध्याकाळी जो ढीग गुडघ्याला लागायचा तो घोट्याशी आला. मालकांना मी तिथे नेऊन उभं केलं.

मालक तेव्हा हातात छोटी हातोडी घेऊन फिरायचे, अजूनही फिरतात. प्रत्येक कास्टिंगवर एक टोला मारायचा आणि कान द्यायचा. टण्ण वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर आत तडा. त्यांनी ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "संडास बांधल्यानं कास्टिंग सुधारतं, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही, साहेब. मी लिहून देतो."

तीन पानं लिहिली. टाईप करून घेतली. पाणी कमी प्यायल्यानं हात कसे चुकतात, त्यानं कोअर कसे तुटतात, खराब कोअरमुळे कास्टिंगमध्ये दोष कसा राहतो, पंपाची कंपनी माल परत कसा पाठवते. बायका कंटाळून काम सोडून जातात आणि नवी बाई तयार व्हायला किती वेळ लागतो. सगळं एकाला एक जोडून. मालकांनी वाचलं आणि म्हणाले, "चांगलं मांडलंस. असं मांडलं की कळतं."

हे वाक्य मी डोक्यावर धरलं, मावशी. महिन्याभरात कडीचा, पत्र्याच्या छताचा, नळाचा संडास उभा राहिला. मालकांनी नारळ फोडला. तुम्ही म्हणालात, "संडासाला नारळ! लई झालं देवा." आणि सगळ्यांना गूळ वाटलात.

त्याच दुपारी कडुनिंबाखाली तुम्ही मला तो कागद वाचून दाखवायला सांगितलंत. मी मोठ्या उत्साहानं वाचला. तुम्ही भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिलात. संपल्यावर विचारलंत, "ह्यात आमी कुठं हाय?"

"सगळं तुमच्याबद्दलच आहे की, मावशी."

"कोअर हाय. कास्टिंग हाय. परत आलेला माल हाय. मनुष्यबळ म्हून कोनतरी हाय, ती काय वळखीची न्हाई. म्हशीला पानी पाजलं की दूध वाढतं, तसं लिवलंस तू."

मला राग आला. मी म्हणालो, "मिळाला ना संडास?"

"मिळाला. तुझ्यामुळंच मिळाला. न्हाई कुठं म्हंते?" तुम्ही भाकरी खाली ठेवलीत. "पर दुखतं म्हून लिवलंस का कुठं? पोटात दुखतं, बायामानसाला लाज वाटती, म्हून द्या. असं?"

"मालकांना ते पटलं नसतं."

"इचारलंस?"

मी उठून ऑफिसात गेलो. दोन दिवस तुमच्याशी नीट बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या टेबलावर पेरू ठेवून गेलात, मीठ-तिखट लावून. भांडण मिटलं असं मला वाटलं.

त्यानंतरच्या वर्षांत मी कागदावर कागद लिहिले. बसायला पाठ असलेले स्टूल, धूर ओढून घेणारा पंखा, बाळंतपणानंतर परत कामावर घ्यायचा नियम. एकेक गोष्ट फायद्याशी जोडून दाखवली आणि एकेक मिळत गेली. ते कागद खोटे नव्हते, हे मी आजही म्हणेन. माणसांना बरं वागवलं की काम बरं होतं, हे आपल्या शेडनं सिद्ध करून दाखवलं. पंपाच्या कंपनीचे साहेब बघायला आले तेव्हा मालक त्यांना सगळ्यात आधी तुमच्या शेडमध्ये घेऊन यायचे. नवीन स्टुलावर पहिल्यांदा टेकून बसलात आणि डोळे मिटून घेतलेत, ते मी दारातून पाहिलं होतं. मग डोळे उघडून म्हणालात, "माज्या पाठीचा काय फायदा दावलास रे ह्या टायमाला?" सगळ्या हसल्या. मीही हसलो. ती थट्टा आहे असं मी समजत राहिलो.

मग तुमचा चेहरा सुजायला लागला.

आधी डोळ्यांखाली, मग पाय. चपला घालता येईनात. तुमची लेक शांता पुणतांब्याला सासरी, म्हणून दवाखान्यात मी बरोबर आलो. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "कामावर पाणी कमी प्यायचात का? लघवी धरून ठेवायची सवय होती? किती वर्षं?"

तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. "ह्या बीकॉमला इचारा. त्यानं लिवून ठिवलंय समदं."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. दोन्ही किडन्या खराब झाल्या होत्या. वारंवार लघवीचं दुखणं होऊन, अंगावर काढून, असं त्या म्हणाल्या. नक्की एकच कारण सांगता येत नाही, असंही म्हणाल्या. मला मात्र त्या खुर्चीत बसून एकच दिसत होतं. त्या तीन पानांत फाउंड्रीचं काय काय बिघडतं ते सगळं होतं. तुमच्या आत काय बिघडतंय याची एक ओळ नव्हती. मी येण्याआधीची तुमची सगळी वर्षं त्या कागदाच्या बाहेर होती, आणि संडास उभा राहिला तेव्हा तुमच्यापुरता उशीर झालेला होता. पुण्याला नेऊन मशीनवर ठेवायचं, आठवड्यातून दोनदा, कायमचं, असं त्यांनी सांगितलं. तुम्ही विचारलंत, "मंग कामाला कवा येऊ?"

तुमचे खाडे वाढले. एके दिवशी मालकांनी मला बोलावलं. टेबलावर हातोडी ठेवली आणि ड्रॉवरमधून माझा तोच जुना कागद काढला. एका वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती. 'अनियमित हजेरीमुळे कामाची साखळी तुटते.'

"तुझंच वाक्य आहे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "आता मार्थाबाईचं काय करू, सांग."

सांग, म्हणाले होते, मावशी. मला तेव्हा ते ऐकू आलं नाही. मी म्हणालो, "दोन दिवसांत लिहून देतो."

आणि मी लिहिलं. तीन नव्या बायका आल्या होत्या, त्यांना मार्थाबाईंनी बसून शिकवावं, त्यांच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही, शिकण्याचा काळ निम्मा होईल. कागद द्यायच्या आधी मी तुमच्या घरी येऊन तुम्हाला तो वाचून दाखवला. तुम्ही खाटेवर उशीला टेकून बसला होतात.

"आसं नगं, बीकॉम," तुम्ही म्हणालात. "एक डाव मला फायद्याची दावू नको. नुसतं जा आन् म्हन, मार्था आजारी हाय, म्हून. बघू काय म्हंतो."

मी म्हणालो, "मावशी, धंदा असा चालत नाही."

तुम्ही हसलात. माझी फजिती झाली की हसायचात तसं नाही. मला ते हसणं ओळखता आलं नाही म्हणून मी घड्याळ बघितलं आणि उठलो.

कागद मंजूर झाला. तीन महिने तुम्ही स्टुलावर बसून त्या तिघींचे हात आपल्या हातात धरून शिकवलंत. जास्तीची वाळू कापायची तुमची ती पट्टी, हॅकसॉ ब्लेडचा तुकडा, एका टोकाला चिंधी गुंडाळलेली, ती त्यांच्या मुठीत देऊन वरून आपली मूठ धरायचात. "दाबू नगं. वाळूला कळतंय." इतकं चांगलं शिकवलंत की त्या तिघी तीन महिन्यांत तयार झाल्या. तुम्हाला ठाऊक होतं ना? त्या तयार झाल्या की तुम्हाला ठेवायचं कारण संपणार होतं. कमी शिकवता आलं असतं, मावशी. थोडं हातचं राखता आलं असतं.

एका सोमवारी तुम्ही आला नाहीत. त्या तिघींपैकी एकीबरोबर पट्टी पाठवलीत आणि निरोप: "बीकॉमला सांग, पोरी शिकल्या." म्हणजे मला तुम्हाला काढायचं पत्र लिहावं लागू नये. माझ्यासाठी तुम्ही तेवढंही केलंत.

त्यानंतर मी एकदाच भेटायला आलो. एकदाच. कारणं पुष्कळ होती, ती मी इथे मांडत नाही. कारणं मांडायची माझी सवय तुम्हाला माहीत आहे. तुमच्यासाठी माहेरी आलेल्या शांतानं मला तांब्याभर पाणी दिलं. मी प्यायलो, आणि मग लक्षात आलं की तुम्ही माझ्या घशाकडे बघताय. डॉक्टरांनी तुमचं पाणी मोजून दिलं होतं, दिवसाला एवढुसा पेला. "बघ की," तुम्ही म्हणालात, "प्यायची सोय झाली, जायची सोय झाली, तर आता डाक्टर म्हनती पिऊ नगं." आणि मला धीर द्यावा तसं माझ्या हातावर थोपटलंत. मी माफी मागायला आलो होतो. ऑर्डरींविषयी बोललो. पंख्याविषयी बोललो. निघालो.

परवा सकाळी शांताचा निरोप आला. तुम्ही पहाटे गेलात. मी फाउंड्रीत पोचलो तेव्हा गडी भट्टीत लाकडं रचत होते. मी सरळ मालकांच्या केबिनमध्ये गेलो. हातात काही नव्हतं. काय म्हणायचं तेही ठरवलेलं नव्हतं.

"आज भट्टी लावू नका, साहेब."

"का?"

"मार्थामावशी गेल्या."

मी पुढचं वाक्य शोधत होतो. ऑर्डर कशी भरून काढता येईल, कामगारांवर काय परिणाम होईल, सवयीनं सगळं जिभेवर येत होतं. त्याची गरज पडली नाही. मालक उठले, बाहेर गेले आणि मुकादमाला म्हणाले, "लाकडं काढा."

सगळे जण कबरस्तानात आले. मालकही आले, मागे उभे राहिले, टोपी काढून हातात धरली. पाळकांनी प्रार्थना म्हटली, तुमच्या मंडळीतल्या बायकांनी गीत म्हटलं. आपल्या शेडमधल्या पाचजणी आणि त्या तिघी ओळीनं उभ्या होत्या. मूठमूठ माती टाकताना मी पाहिलं, त्यातली एक माती टाकायच्या आधी बोटांनी चिवडून बघत होती, वाळू बघतात तशी. तुम्हीच शिकवलेलं ते.

फाटकातून बाहेर पडताना मालक माझ्या बरोबरीनं चालायला लागले. मग म्हणाले, "तिला शिकवायला ठेवायचा तो कागद आणला होतास."

"हो, साहेब."

"तो कशाला आणला होतास रे?"

ते उत्तरासाठी थांबले नाहीत, गाडीत बसून निघून गेले.

तेव्हा मी नुसतं मागितलं असतं तर ते हो म्हणाले असते का, मला माहीत नाही. एक दिवस भट्टी बंद ठेवणं आणि आजारी बाईला किती दिवस लागतील ते माहीत नसताना ठेवून घेणं, यात फरक आहे, एवढा धंदा मलाही कळतो. नाही म्हणाले असते कदाचित. पण तुम्ही हो मागितलं नव्हतं. तुम्ही विचारायला सांगितलं होतं. मालकांना फक्त एकच भाषा कळते हे मी ठरवून टाकलं, त्यांना न विचारता, आणि मग तुम्हालाही त्याच भाषेत बसवलं. माझ्यासाठी ज्यांनी पहिल्या दिवशी अर्धी भाकरी मोडली, काही हिशेब न बघता, त्यांना.

पट्टी माझ्या टेबलावर आहे. चिंधीला अजून मळीचा वास आहे.

काल सकाळी सगळ्यांच्या आधी आलो. माठ धुऊन भरले. मालकांची केबिन उघडी होती, आत कुणी नव्हतं. टेबलासमोर उभा राहिलो, जिथे दर वेळी कागद घेऊन उभा राहायचो तिथेच, आणि रिकाम्या खुर्चीला म्हणून पाहिलं.

"मार्थामावशी आजारी आहेत, साहेब. म्हणून."

एका श्वासात म्हणून झालं.